सारिका काळेनंतरचं धाराशिव

संपादकांनी यंदा विषय दिला तो खेळणं थांबलेल्या खेळाडूंचा. मैदान सुटल्यावर माणसाचं काय होतं, लोक त्याला किती दिवस आणि कशासाठी लक्षात ठेवतात, ते जाऊन बघा आणि लिहा, असा निरोप आला. सोबत नमुन्यादाखल दिलेली नावं फुटबॉलपटूंची होती आणि त्यातही मिडफिल्डरची. निवड मार्मिक होती. गोल करणाऱ्याचं नाव फलकावर लागतं, गोल अडवणाऱ्याचा फोटो छापून येतो. मधल्या फळीतला गडी मात्र नव्वद मिनिटं पुढेमागे पळत दोन्हीकडचं काम उरकतो आणि त्याची थोरवी कळायला आधी खेळ कळावा लागतो.

मराठवाड्यात फुटबॉलची अशी कारकीर्द शोधायला गेलं तर हात हलवत परत यावं लागेल. पण पाठलाग करणं आणि पाठलाग चुकवणं अशी दोन्ही कामं निभावून देशाच्या संघाचं कर्णधारपद मिळवलेली खेळाडू धाराशिवात आहे. सारिका काळे. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची ती कर्णधार. २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ती तुळजापूरची तालुका क्रीडा अधिकारीही झाली.

तिचा चेहरा कुठल्या जाहिरातीत झळकत नाही. तिचे सामने टीव्हीवर बघत लहानाचं मोठं झालेलं कुणी धाराशिवात भेटणार नाही, कारण तिच्या ऐन उमेदीच्या वर्षांत खो-खो टीव्हीवर जवळपास नव्हताच. तरीही शहरात खो-खोची चौकशी केली की पहिल्या दोन-चार वाक्यांतच तिचं नाव येतं. कॅमेरा नाही, करार नाही, तरी नाव टिकतं ते कशाच्या जोरावर, हे बघायला मी धाराशिवला गेलो.

पाच वाजले की

बालाघाटच्या रांगांमध्ये वसलेलं हे जिल्ह्याचं गाव. पाहुण्याला इथे आधी गुलाबजामून खाऊ घालतात आणि मग पाण्याची गोष्ट सांगतात. जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं २०२३मध्ये, त्यामुळे इथल्या खेळाडूंच्या फायलीत जुनी प्रमाणपत्रं उस्मानाबादची आणि नवी धाराशिवची. फाईल मात्र एकच, प्लास्टिकची, चेनवाली, आईनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेली. तिचं महत्त्व पुढे येईलच.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मैदानावर मुली जमायला लागतात. दप्तरं एका कडेला रांगेनं, त्यावर ओढण्या. दोन वेण्या वर बांधून घट्ट केलेल्या. कुणी फक्कीनं पाट्या आखतं, कुणी दोन्ही टोकांचे खांब हलवून बघतं. प्रशिक्षकांना ‘सर’ आणि वरच्या वयोगटातल्या मुलींना ‘ताई’ किंवा ‘दीदी’ म्हणायचं, हा इथला रिवाज. लहान मुली आधी ताईंच्या शेजारी पाटीवर बसायला शिकतात, पळायचं नंतर.

बसायला शिकतात, हे मी मुद्दाम लिहितो आहे. खो-खो हा पळण्याचा खेळ, असं आपण शाळेपासून मानत आलेलो असतो. इथे बराच वेळ सराव चालतो तो उठण्याचा. सातवी-आठवीतली एक मुलगी चौकोनात बसलेली होती. बूड जमिनीला टेकलेलं नाही, टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर, एका हाताची बोटं मातीला जेमतेम लागलेली. मागून पाठीवर थाप आणि ‘खो’ एकदमच यायला हवेत. थाप आधी आणि शब्द मागून आला, तरी चूक. ‘खो’ मिळाला की तिनं एका बाजूचं पाऊल टाकायचं. पाऊल पडलं की तीच तिची दिशा. समोरच्या टोकाचा खांब गाठेपर्यंत तिला मागे वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडून पलीकडेही जाता येत नाही. बघणाऱ्याचं लक्ष धावणाऱ्या मुलीवर खिळलेलं असतं, सरांचं मात्र त्या पहिल्या पावलावर. पाऊल वीतभर आखूड पडलं म्हणून तिला पुन्हा बसवलं. पुन्हा खो, पुन्हा पाऊल. अर्धा तास हेच. गुडघ्यावरच्या जुन्या खपलीला माती लागून ती पांढुरकी झाली होती. तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

कडेला मोटारसायकली लावून थांबलेले दोघे-तिघे बाप होते. त्यातल्या एकाशी बोलणं निघालं. खेळाचे नियम त्याला शाळेत शिकले तेवढेच ठाऊक. सामना बघायला म्हणून तो कधी फारसा गेलेला नाही. मुलीला का पाठवता, म्हणून विचारलं तर त्यानं पदकाचं नाव काढलं नाही. सारिका मॅडम अधिकारी झाल्या ना, एवढंच म्हणाला.

कंसातली कीर्ती

सारिकाची पिढी लोकांना ठाऊक झाली ती छापील कंसांतून. मराठी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर खालच्या कोपऱ्यात खो-खोची बातमी येते. ‘एक डाव राखून’ किंवा ‘अमुक मिनिटं राखून’ विजय, आणि मग नावांची माळ. प्रत्येक नावापुढे कंस, त्यात दोन-तीन आकडे. २.१०, १.५० मि. व ३ गडी, असं काहीतरी. नवख्याला ते रेल्वेचं वेळापत्रक वाटेल. जाणकार मात्र त्या कंसातून सबंध सामना उभा करतो.

एका बाजूचे नऊ जण आक्रमणाला. त्यातले आठ पाटीवर, आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आणि एक धावणारा. दुसऱ्या बाजूचे संरक्षक तिघातिघांच्या तुकडीनं मैदानात येतात. नऊ मिनिटांची पाळी असते. तिघं बाद झाली की पुढची तिघं. आता हिशेब करा. एका तुकडीनं तीन मिनिटं काढली तर नऊ मिनिटांत जेमतेम तीन तुकड्या बाद होतील. एकीनं दोन मिनिटं दहा सेकंद काढली याचा अर्थ असा की बसलेल्या आठ जणी आणि धावणारी नववी मिळून तेवढा वेळ तिच्या मागे होत्या आणि ती त्यांच्या हाती लागली नाही. दोन मिनिटं वाचायला किती सोपी! मैदानावर तेवढ्या वेळात तोंडाला कोरड पडते आणि पायांत गोळे येतात.

संरक्षकाला दिशेचं बंधन नसतं, हीच त्याची मोठी सोय. एकेरी साखळीत तो बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत राहतो. धावणाऱ्याला मधून घुसता येत नाही, म्हणून त्याला दर वेळी खो द्यावा लागतो आणि नवा गडी उठेपर्यंत अर्ध्या सेकंदाची उसंत मिळते. दुहेरी साखळीत एकेकीऐवजी दोन-दोन बसलेल्यांना वळसा असतो. गोलाच्या खेळात संरक्षक मैदानाच्या एका भागात वर्तुळ धरून राहतो. खांबाजवळ मामला सर्वांत नाजूक. आक्रमक एका हातानं खांब पकडून शरीर झोकून देतो आणि दुसऱ्या हाताची बोटं संरक्षकाच्या पाठीला लावू पाहतो. त्याला खांबावरचा सूर म्हणतात. उघड्या मैदानात अंग झोकून मारला तो नुसता सूर. कंसातल्या ‘३ गडी’मागे असे सूर असतात आणि प्रत्येक सुरामागे कोपर किंवा छाती खरचटलेली असते.

म्हणूनच खो-खोमधला मोठा खेळाडू तो, ज्याच्या कंसात मिनिटंही आहेत आणि गडीही. फुटबॉलच्या मधल्या फळीतल्या गड्याला हे लगेच समजेल. सारिका याच जातीची अष्टपैलू. तालुक्याच्या आवृत्तीत आलेली ती कात्रणं घरोघरी कापून ठेवली गेली. त्याच कात्रणांनी इथल्या खेळाडूंना आधी शाळेत, मग गल्लीत आणि मग गावात ओळख मिळवून दिली.

एकवेळच्या जेवणावर

सारिका वयाच्या तेराव्या वर्षी खो-खोत आली. घरची ओढगस्त तिनं कधी लपवली नाही. अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर वृत्तसंस्थेशी बोलताना तिनं सांगितलं होतं की जवळपास दहा वर्षं तिनं दिवसातून एकवेळच्या जेवणावर काढली. वडिलांच्या कमाईला शारीरिक मर्यादा होत्या, आई शिवणकाम करायची, आजी-आजोबांच्या मिळकतीवर घर चालायचं. नीट खाणंपिणं मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण त्यात खेळाच्या अर्थशास्त्राचा एक कोपरा दिसतो. जिल्ह्याचा, राज्याचा, देशाचा संघ निवडला की स्पर्धेआधी सराव शिबिर लागतं. तिथे दूध, अंडी, दोन वेळचं जेवण असतं. ज्या घरात एका जेवणाची पंचाईत, तिथल्या मुलीसाठी संघात निवड होणं म्हणजे काही दिवस पोटभर जेवणं. सन्मान वगैरे त्याच्या मागून येतो. शहरी क्रीडाप्रेमी ‘भूक’ हा शब्द खेळाडूच्या जिद्दीसाठी वापरतात. इथे भूक पोटातली होती.

तिला घडवणारे प्रशिक्षक चंद्रजित जाधव. उस्मानाबादेत खो-खो रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि खेळाच्या संघटनेतही त्यांनी वरच्या पदांवर काम केलं. त्यांनीच नंतर जाहीरपणे सांगितलेली एक हकिकत अशी : २०१६मध्ये घरच्या आर्थिक अडचणींनी सारिका इतकी खचली की तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. तिनं स्वतःला खोलीत कोंडून घेतल्याचं तिच्या आजीनं त्यांना कळवलं. समजूत घातल्यावर ती मैदानावर परतली.

ते वर्ष डोळ्यांसमोर आणून बघा. मराठवाड्यात लागोपाठच्या दुष्काळांनी विहिरी कोरड्या पडल्या होत्या. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली, ती याच जिल्ह्यातून गेली. उस्मानाबादचं स्टेशन त्याच मार्गावर. ज्या गावातून टँकर आणि पाण्याच्या वाघिणी जात होत्या, त्या गावची मुलगी त्याच वर्षी फेब्रुवारीत गुवाहाटीला भारतीय संघाची कर्णधार म्हणून उभी होती. दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोला पहिल्यांदाच स्थान मिळालेलं होतं. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी इंदूरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथेही ती भारताकडून खेळली. सुवर्णपदक गळ्यात असलेली कर्णधार आणि खेळ सोडायला निघालेली मुलगी एकच होती आणि वर्षही एकच होतं. खो-खोसारख्या खेळातली कारकीर्द कशावर उभी असते, हे याहून वेगळं सांगायला नको.

बावीस वर्षांनी

२०२०च्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत २७ नावं होती. क्रिकेटमधले इशांत शर्मा आणि दीप्ती शर्मा होते, फुटबॉलमधला संदेश झिंगन होता, बीड जिल्ह्यातला मल्ल राहुल आवारे होता. आणि खो-खोसमोर सारिका सुधाकर काळे. त्याआधी खो-खोसाठी अर्जुन मिळाला होता १९९८मध्ये, शोभा नारायण यांना. मधली बावीस वर्षं हा रकाना कोराच होता. सत्तरच्या दशकात श्रीरंग इनामदारांसारखे खेळाडू अर्जुन मिळवत तेव्हा खो-खोचा दबदबा निराळा होता. पुरस्कारांच्या बातमीत खो-खोपटूचा फोटो दिसणं ही त्या काळात नवलाई राहिली नव्हती. पुढे आशियाई आणि ऑलिंपिक खेळांकडे पैसा व लक्ष वळलं आणि १९१४मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर ज्याचे नियम बांधले गेले, तो खेळ शाळेच्या पटांगणातच अडकून पडला.

२९ ऑगस्ट २०२०. करोनाचे दिवस. राष्ट्रपती रामनाथ कोविंद राष्ट्रपती भवनात आणि पुरस्कारविजेते आपापल्या शहरांतल्या केंद्रांवर पडद्यासमोर. हस्तांदोलन नाही, दरबार हॉल नाही. त्याच वर्षी पुरस्काराची रक्कम पाच लाखांवरून पंधरा लाखांवर गेली होती. एरवी अशा वेळी गावात जीप सजवून मिरवणूक निघाली असती, हलगी वाजली असती, गुलाल उधळला असता. जमावबंदीच्या त्या दिवसांत गाव जमणार कसं! लोकांनी अभिनंदन केलं ते मोबाईलवर.

त्या वेळी तिनं एक निरीक्षण नोंदवलं होतं. ग्रामीण भागात यश कितीही मोठं असलं तरी लोकांना त्याची दखल घ्यायला वेळ लागतो, अशा अर्थाचं. धाराशिवात फिरताना मला ते पदोपदी पटलं. सुवर्णपदक २०१६चं, पण गाव बोलायला लागलं ते अर्जुननंतर आणि घरं विश्वास ठेवायला लागली ती नोकरीमुळे. गावाची ही रीत कठोर आहे, पण अनाकलनीय नाही. पदकानं घराचं काय बदललं, हे बघायला शेजारी थांबतात. बदललेलं दिसलं की ते स्वतःची मुलगी मैदानावर आणून सोडतात.

चेनवाली फाईल

आता त्या फाईलकडे येऊ. फुटबॉलच्या मधल्या फळीतला खेळाडू निवृत्त झाला की त्याच्यापुढे एक ठरलेली वाट असते. मुंबईत महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या संघांकडून खेळलेला मिडफिल्डर खालिद जमील याचं उदाहरण घ्या. दुखापतींनी खेळ थांबवला, तेव्हा तो त्याच मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. २०१७मध्ये त्यानं ऐझॉलसारख्या लहान संघाला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५मध्ये तो भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. क्लब, करार, परवान्याच्या परीक्षा, पुन्हा क्लब. खेळाचा पैसा खेळातच फिरतो आणि जुन्या खेळाडूला त्यात जागा मिळते.

खो-खोत अशी साखळी नाही. इथे खेळाडूचा पगार येतो रेल्वेकडून, विमानतळ प्राधिकरणाकडून, महावितरणकडून, पोलिसांकडून किंवा राज्य सरकारकडून. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. या दोन सोयींच्या बळावर मराठवाड्यातला मैदानी खेळ उभा आहे, असं म्हटलं तर संघटकांना राग येईल, पण पालकांना नाही.

म्हणून ती फाईल. शालेय स्पर्धेचं प्रमाणपत्र, विभागाचं, राज्याचं, राष्ट्रीय स्पर्धेत सहभागाचं. कोणत्या तारखेला, कोणत्या वयोगटात, संघ कितवा आला आणि सही कुणाची. एखादी सही राहिली तर पुढे नोकरीच्या पडताळणीत अर्ज लटकतो. याच आरक्षणापायी राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजलं. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळात कधी उडीही न मारलेल्यांनी नोकऱ्या लाटल्याचं उघड झालं. तेव्हापासून पडताळणी कडक झाली आणि खऱ्या खेळाडूंच्याही चपला झिजायला लागल्या. ज्या मुलीनं गुडघे फोडून घेतले तिलाही आपण खेळलो हे कागदानं सिद्ध करावं लागतं.

या सगळ्यात सारिकाच्या नोकरीचं वजन लक्षात येतं. तालुका क्रीडा अधिकारी हे काही मोठ्या दिमाखाचं पद नव्हे. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक लावायचं, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या संघांच्या प्रवेशिका तपासायच्या, पंच मिळवायचे, पावसानं मैदान भिजलं तर नवी तारीख कळवायची, व्यायामशाळेच्या अनुदानाचे प्रस्ताव पुढे पाठवायचे, संकुलाच्या कुलपापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं बघायचं. पण तुळजापूर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेची मुलगी जेव्हा पहिल्यांदा तालुक्याच्या स्पर्धेला येते, तेव्हा टेबलामागे अर्जुन पुरस्कारविजेती खो-खोपटू असू शकते, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या मुलींच्याही वाट्याला सहसा येत नाही. निवृत्त खेळाडूची लोकप्रियता सत्कारांच्या संख्येवर मोजायची सवय आपल्याला आहे. धाराशिवात ती अशा टेबलापाशी कामाला लागली.

मातीवरून मॅटवर

सारिकाच्या अर्जुननंतर खो-खोचं बाहेरचं जग झपाट्यानं बदललं. २०२२च्या ऑगस्टमध्ये पुण्याला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. सहा संघ, रंगीत गणवेश, दिव्यांचा झगमगाट, घरबसल्या दिसणारे सामने. खेळ मॅटवर आला, मैदान आखूड झालं, नऊच्या जागी सात जण आले. आक्रमणात ‘वजीर’ आला. त्याला दिशेचं बंधन नाही, मनाला येईल तिकडे वळावं. सरांनी अर्धा अर्धा तास घोटून घेतलेल्या त्या पहिल्या पावलाचं महत्त्व वजिरानं कमी केलं, अशी जुन्यांची कुरकुर आहे. तरुण मुलांना मात्र वजीरच व्हायचं असतं.

या लीगमध्ये पहिल्या वर्षी ओडिशा जगरनॉट्स जिंकला, दुसऱ्या पर्वात गुजरात जायंट्स. पैसा आला. फक्त ही लीग होती पुरुषांची. ज्या खेळाचा बावीस वर्षांचा वनवास एका मुलीनं संपवला, त्याची पहिली व्यावसायिक लीग मुलींना बाहेर ठेवून सुरू झाली. धाराशिवसारख्या गावाला हे जास्तच लागतं, कारण इथल्या खो-खोचा नावलौकिक मुख्यतः मुलींच्या पायांवर उभा राहिलेला आहे.

मुलींना मोठा मंच मिळाला तो २०२५मध्ये. जानेवारीत दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या महिला संघानं पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं आणि १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. पुरुषांचा संघही जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. आणि त्या विजेत्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. राज्य सरकारनं विश्वविजेत्या खेळाडूंना कोटींच्या घरातली बक्षिसं जाहीर केली.

१७५-१८ हा आकडा जाणकारांना हरखून टाकणारा नाही, उलट थोडा ओशाळवाणा आहे. जगात हा खेळ अजून किती कोवळा आहे, हे त्यातून दिसतं. कोरियाच्या मुली काही महिन्यांच्या तयारीवर आल्या असतील तर त्यांच्यासमोर तेराव्या वर्षापासून पाटीवर बसलेल्या मुली होत्या. विश्वचषकाचा आनंद खरा, पण खो-खोची कसोटी अजून राष्ट्रीय स्पर्धेतच लागते. महाराष्ट्र, विमानतळ प्राधिकरण, रेल्वे, ओडिशा यांच्यातल्या चुरशीत. सारिकानं आपला खेळ तिथेच सिद्ध केला होता, कोटींची बक्षिसं यायच्या आधी.

दोन पिढ्यांत हाकेचं अंतर आहे. एकीला शिबिरात गेल्यावर पोटभर मिळत होतं, दुसरीच्या संघासाठी सरकार बक्षिसं जाहीर करतं. मधल्या दहा वर्षांत खेळाचे नियम बदलले, जमीन बदलली, पैसा आला. मैदानावरच्या मुलींना विचारलं की त्या अश्विनीचं नाव घेतात, तिचे चित्रफितीतले सूर पुन्हापुन्हा बघतात. त्यांचे बाप अजून सारिकाचंच नाव घेतात.

शेवटची एसटी

सहा वाजून गेले की मैदानावर एक बारीक चुळबूळ सुरू होते. सराव रंगात आलेला असतो आणि एकदोघी घड्याळाकडे बघायला लागतात. आसपासच्या गावांहून येणाऱ्या मुलींना परतीची गाडी गाठायची असते. मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातून एसटीच्या गाड्या आहेत आणि बारावीपर्यंतच्या मुलींना प्रवास मोफत आहे. या योजनेनं हजारो मुलींची शाळा वाचवली. पण त्या गाड्यांच्या वेळा शाळेच्या घंटेशी जुळवलेल्या आहेत, सरावाशी नव्हेत. शाळा सुटली की गाडी सुटते. खो-खोचा सराव त्यानंतर सुरू होतो. त्यामुळे गावातल्या मुलीनं खेळायचं तर एक तर सराव अर्ध्यावर सोडून शेवटची एसटी गाठायची, नाही तर शहरात नातेवाइकांकडे राहायचं, नाही तर बापानं रोज मोटारसायकल काढायची. ज्याच्याकडे ती नाही किंवा रोजच्या पेट्रोलची ऐपत नाही, त्याची मुलगी शाळेच्या संघात चमकते आणि तिथेच थांबते.

दसऱ्यानंतर आणखी एक गळती लागते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं टोळ्यांबरोबर निघतात. शालेय स्पर्धांचे जिल्हा-विभागाचे टप्पे नेमके याच सुमाराचे. आई-बाप फडावर गेले की थोरल्या मुलीवर धाकट्यांची जबाबदारी येते, किंवा तीही कोयता उचलते. मराठवाड्यात बालविवाहांचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. दहावीनंतर मुलगी मैदानावर दिसेनाशी झाली की सर चौकशीला घरी जातात आणि बऱ्याचदा पत्रिका छापून झालेली असते. अठराव्या वर्षी ज्या खेळाडूचं संरक्षण भरात यावं, ती त्या वयात सासरी गेलेली असते. किती सारिका अशा पाटीवर बसलेल्याच राहिल्या असतील, याचा कंस कुठल्या वर्तमानपत्रात छापून येत नाही.

इथेच एका खेळाडूच्या लोकप्रियतेची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. तिनं बापांचं मन वळवलं, हे काम कुठल्याही सरकारी जाहिरातीला जमलं नव्हतं. मुलगी शॉर्ट पँट घालून पळते म्हणून नाक मुरडणारी गल्ली आता तिला पाणी देते. पण मन वळलेल्या बापाला गाडी मिळवून देणं सारिकाच्या हातात नाही. त्याला आगार व्यवस्थापक लागतो, शिक्षण विभाग लागतो, ऊसतोडीच्या गावांत मुलींसाठी वर्षभर चालणारी वसतिगृहं लागतात. आणि व्यावसायिक लीग चालवणाऱ्यांना मुलींचे संघ उभे करायची बुद्धी व्हावी लागते.

धाराशिवात आणखी सत्कार होतील, चौकात फलक लागतील, उद्या कदाचित एखाद्या क्रीडागृहाला तिचं नावही दिलं जाईल. या गोष्टींना माझी हरकत नाही. पण या गावाला तिचं देणं खरंच फेडायचं असेल, तर त्याची सुरुवात एसटीच्या आगारातून करता येईल. जिल्ह्याच्या मैदानावरचा सराव संपल्यावर, संध्याकाळी सातला, मुलींसाठी चार दिशांना चार गाड्या सोडायच्या. त्यासाठी पुरस्कार समितीची बैठक लागत नाही, वेळापत्रकात चार ओळी वाढवाव्या लागतात.